जाणतीचे नाव : वरोऱ्यापासून भामरागडपर्यंत

एखाद्या प्रदेशात विज्ञान केव्हा आले, असे विचारले की उत्तरादाखल बहुधा एखाद्या महाविद्यालयाच्या वा प्रयोगशाळेच्या स्थापनेचे साल सांगितले जाते. आम्हांला हा प्रश्न थोड्या वेगळ्या रीतीने मांडावासा वाटतो. त्या प्रदेशातील मातीला, झाडांना आणि माणसांना पहिले शास्त्रीय प्रश्न कोणी विचारले, आणि ते कशासाठी विचारले? जुन्या चांदा जिल्ह्यापुरते, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरते, याचे उत्तर शोधू गेल्यास वरोऱ्याच्या कोळशापासून प्रारंभ करावा लागतो.

वर्ध्याहून दक्षिणेकडे उतरताना चांद्याच्या मुलखाचा उंबरठा म्हणजे वरोरा. १८७० च्या दशकात इंग्रज सरकारने येथे कोळशाची खाण चालवली, तिच्यासाठी लोहमार्ग आणला आणि १९०६ च्या सुमारास ती बंदही केली. त्याच काळात मेजर ल्यूसी स्मिथ यांचा जमीनमहसुलाचा अहवाल तयार झाला. पुढे १८७८ चा वनकायदा आला आणि आलापल्लीच्या सागाची मोजदाद सुरू झाली. या सर्व कामांत शिस्त होती, निरीक्षण होते, आकडे होते. त्यांना अशास्त्रीय म्हणता येणार नाही. मात्र त्यांचा मूळ प्रश्न एकच होता : येथून काय नेता येईल? जंगलात पहाटे मोह वेचणारी, उन्हाळ्यात तेंदूपाने खुडणारी, चार आणि बिबा गोळा करणारी बाई या कागदांत आली ती 'निस्तार' या एका शब्दाच्या आडोशाने. तिला जंगलातून काय घेऊ द्यावे हे सरकारने लिहून ठेवले. तिला जंगलाविषयी काय ठाऊक आहे हे विचारण्याचे कारण कोणाला पडले नाही.

वैनगंगेच्या पूर्वेला गेले की भूमी उंचावू लागते. सह्याद्रीसारखे उभे कडे येथे नाहीत. टिपागड, सुरजागड, भामरागड अशा डोंगररांगा, त्यांवरून उतरणारे नाले, आणि पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्या, असा हा मुलूख आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आजही सुमारे ७० टक्के वनाच्छादित आहे. या डोंगराळ वनप्रदेशाच्या ज्ञानाचा जो इतिहास गेल्या पाऊणशे वर्षांत घडला, त्यात विद्यापीठांपेक्षा विनानफा चालणाऱ्या लहान संस्थांचा आणि त्यांतील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. या इतिहासाकडे साहित्याच्या आणि समीक्षेच्या वाचकानेही लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न लेखकत्वाचाच आहे. जे कळले ते कोणाच्या नावावर लिहायचे?

या जिल्ह्यांच्या कथेत शिरण्यापूर्वी दोन मराठी बहिणींचे स्मरण करणे उचित ठरेल. कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेल्या, तेव्हा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. त्यांनी आग्रह सोडला नाही. अखेर अटी घालून त्यांना घेण्यात आले. वर्षभरात त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली आणि नंतरच्या विद्यार्थिनींसाठी त्या संस्थेचे दार उघडले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. ताडामाडाच्या नीरेतील पोषणमूल्यांवरचे त्यांचे संशोधन सामान्यांच्या आहाराशी थेट नाते सांगणारे होते. त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गा भागवत यांनी दुसरी वाट धरली. मध्य प्रांतातील गोंडांच्या आणि इतर आदिवासींच्या मुलखात त्या अभ्यासासाठी हिंडल्या. त्या भटकंतीत झालेल्या विषबाधेने त्यांना काही वर्षे अंथरुणाला खिळवून ठेवले आणि विद्यापीठीय पदवीचा मार्ग तेथेच तुटला. एकीला प्रयोगशाळेच्या दाराशी झगडावे लागले, दुसरीने रानातल्या ज्ञानाची किंमत शरीराने मोजली. वैज्ञानिक स्त्रीला आधार द्यायचा म्हणजे काय, या प्रश्नाच्या या दोन बाजू आहेत : संस्थेचे दार उघडणे, आणि संस्थेबाहेर जे ज्ञान वसते त्यापर्यंत पोचण्याची वाट सुरक्षित करणे. पहिल्या बाजूची चर्चा आपल्याकडे बरीच झाली. दुसरीची फारशी झालेली नाही.

आता पुन्हा वरोऱ्याकडे येऊ. बाबा आमटे यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. त्या रोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नसल्याने संशोधन अडले होते. तेव्हा त्यांनी आपल्या शरीरात ते टोचून घेतले. जंतू तेथेही वाढले नाहीत. हा प्रयोग फसला असे म्हणता येईल; पण पूर्वीच्या सर्वेक्षणांशी तुलना केली तर त्याचे वेगळेपण ध्यानात येते. या मुलखाशी नाते असलेल्या एका माणसाने शास्त्रीय प्रश्नाची जोखीम दुसऱ्यावर न टाकता स्वतःवर घेतली. महारोगी सेवा समितीच्या वतीने १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले. साधनाताई आमटे यांचे श्रम त्यात प्रथमपासून होते. त्यांचे आत्मकथन 'समिधा' वाचताना जाणवते की एखाद्या संस्थेचा संसार चालवणारी स्त्री त्या संस्थेच्या ज्ञानाचीही भागीदार असते; फक्त तिचा भाग 'सेवा' या खात्यावर जमा होतो. हा हिशेब केवळ आनंदवनापुरता नाही. तो आपल्या सर्वच सेवाभावी संस्थांच्या इतिहासलेखनात आढळतो.

आनंदवनाची वाट १९७३ साली भामरागडच्या अरण्यात पोचली. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश आमटे यांच्यासह भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहू लागल्या. वीज आणि रस्ता नसलेल्या ठिकाणी एका प्रशिक्षित स्त्री-डॉक्टरने आयुष्य काढायचे ठरवले, याचे महत्त्व केवळ त्यागाच्या भाषेत सांगून भागत नाही. माडिया स्त्रीला आपल्या शरीराविषयी ज्या स्त्रीशी बोलता येईल अशी वैद्यकशास्त्राची प्रतिनिधी तेथे प्रथमच उपलब्ध झाली होती. पुढे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंद्रावतीवरील भोपालपट्टणम आणि गोदावरीवरील इचमपल्ली या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. त्या प्रेरणेतून पुढे आलेल्या कार्यकर्त्यांत मोहन हिराबाई हिरालाल हे एक होते. आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावणाऱ्या या माणसाच्या 'वृक्षमित्र' संस्थेकडे आपण पुढे वळणारच आहोत.

त्याआधी १९८६ कडे पाहू. चंद्रपूर हे माहेर असलेल्या डॉ. राणी बंग यांनी स्त्रीरोगशास्त्रात एम. डी. केले, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि डॉ. अभय बंग यांच्यासह गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. या संस्थेचे नाव मनावर घेण्यासारखे आहे. तिने आपली ओळख सेवेआधी शोधाशी जोडली. १९८९ च्या जानेवारीत 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या संस्थेचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत पहिले नाव राणी बंग यांचे होते. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी दाखवून दिले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता, आणि त्यांपैकी अवघ्या ८ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी अशी तपासणी झाली होती. तोवर जगभरच्या आरोग्ययोजना खेड्यातील स्त्रीकडे पाहत होत्या ते माता म्हणून किंवा कुटुंबनियोजनाचे लक्ष्य म्हणून. तिचे दुखणे हा संशोधनाचा विषय असू शकतो, हे गडचिरोलीतून सांगितले गेले. असा प्रश्न विचारण्यासाठी मोठी यंत्रे लागली नाहीत. अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याविषयी बाया मोकळेपणाने बोलतील असा विश्वास लागला, आणि तो मिळवणारी संशोधक स्त्री होती.

त्याच संस्थेने १९९० च्या दशकात आणखी एक पाऊल टाकले. ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवण्यात आले. नवजात बालकाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखणे, गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे आणि हे सर्व नोंदवून ठेवणे ही कामे त्यांनी केली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तुलनेच्या गावांपेक्षा या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. पुढे, २०११ साली, घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभरच्या 'आशा' सेविकांकडे आला. विज्ञानातील स्त्रिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा डगला येतो. येथे लुगडे नेसलेल्या, घड्याळ आणि ताणकाटा हाती घेतलेल्या स्त्रिया जगाने मानलेल्या एका प्रयोगाची आधारसामग्री गोळा करत होत्या.

यात जैवविविधता कोठे आली, असे वाचक विचारतील. ती आली 'गोईण'मध्ये. डॉ. राणी बंग यांचे हे पुस्तक गडचिरोलीच्या जंगलातील झाडांविषयी आहे, पण ते वनस्पतिशास्त्राच्या क्रमाने झाडांकडे जात नाही. स्त्रियांशी झालेल्या गप्पांतून ते झाडांपाशी पोचते. गोईण म्हणजे सखी, आणि ती सखी येथे झाड आहे. कोणत्या झाडाची साल बाळंतिणीला देतात, कशाचे तेल दिव्याला आणि कशाचे अंगाला, कोणते झाड तोडू नये आणि ते का, कोणत्या फुलाच्या बहरावरून पावसाचा अंदाज बांधायचा, अशा प्रकारचे हे ज्ञान आहे. दवाखान्यात आजार सांगायला आलेली बाई झाडाविषयी बोलू लागते, कारण तिच्या लेखी शरीर आणि रान यांची दप्तरे निराळी नाहीत. साग हा इमारती लाकडाच्या घनफुटांत मोजणाऱ्या अहवालांच्या शेजारी हे पुस्तक ठेवून पाहावे. जंगल तेच, विचारणारा बदलला आणि विचारण्याची जागा बदलली, तर जंगलातून वेगळेच काही ऐकू येते. मराठी समीक्षेने या पुस्तकाकडे ललित आणि शास्त्रीय यांच्या सीमेवरचे लेखन म्हणून गंभीरपणे पाहायला हवे होते, अशी आमची तक्रार आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची कथा बहुतेकांना ठाऊक असते ती स्वशासनाची कथा म्हणून. आम्हांला तीत ज्ञानाची एक पद्धत दिसते. 'वृक्षमित्र'च्या सोबतीने या गावाने 'अभ्यासगट' चालवले. निर्णयाचा अधिकार गावसभेचा आणि तो सर्वसहमतीने. पण निर्णयापूर्वी अभ्यास, आणि त्या अभ्यासात बाहेरचा तज्ज्ञ आला तरी तो सोबत बसणारा. मधमाश्या न जाळता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग काढून घेण्याची पद्धत अशाच अभ्यासातून गावात रुजली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी येथे गावकऱ्यांबरोबर काम केले. 'कल्पवृक्ष' ही १९७९ साली विद्यार्थ्यांनी दिल्लीत सुरू केलेली संस्था. तिच्या नीमा पाठक यांनी विवेक गौर-ब्रूम यांच्यासह मेंढ्याचा केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. येथेही विनानफा संस्था, येथेही अग्रभागी स्त्री-संशोधक. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्या हक्कांपैकी तो एक होता. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही गावसभेच्या हाती आला. आपल्या जंगलात काय आहे हे गावाने आधी अभ्यासून ठेवले होते, म्हणून कायदा आला तेव्हा त्याला हक्क मागता आला. अभ्यास आणि अधिकार यांचे नाते इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

डोंगरी मुलखातील स्त्रियांच्या ज्ञानाचे दुसरे मोठे उदाहरण हिमालयातील आहे. १९७४ च्या मार्चमध्ये रैणी गावच्या गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणींनी झाडे तोडू दिली नाहीत. जंगल गेले तर डोंगर खाली येईल, हे त्यांचे म्हणणे. त्यानंतर वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, आणि तिचा अहवाल आल्यावर अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात दहा वर्षे वृक्षतोड थांबवण्यात आली. स्त्रिया जे बोलल्या ते विज्ञान ठरायला समिती लागली. समिती बसली हे चांगलेच झाले. मात्र शास्त्रीय इतिहासात त्या स्त्रियांची नोंद 'आंदोलक' अशी होते, 'निरीक्षक' अशी होत नाही. गडचिरोलीच्या बाबतीतही हाच धोका आहे.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल आणि तो योग्यच आहे. रानातल्या बाईचे प्रत्येक म्हणणे ज्ञान मानायचे काय? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. गरोदरपणी कमी खाल्ले की बाळ लहान राहील आणि बाळंतपण सोपे जाईल, ही समजूतही याच गावांतली होती आणि ती घातक होती. परंपरेची तपासणी करणारे संशोधन याच जिल्ह्यात, याच स्त्रियांच्या हातून झाले हे विसरू नये. तपासण्याजोगे ज्ञान आधी ज्ञान म्हणून ऐकावे लागते. भाबडा गौरव आणि तुच्छता, दोहोंमुळे तपासणीची गरजच संपते. बाईला देवी ठरवले की तिला प्रश्न विचारता येत नाही, आणि अडाणी ठरवले की विचारावासा वाटत नाही. आरोग्यदूत, अभ्यासगट आणि 'गोईण' या तिन्हींची वाट या दोन टोकांमधून गेली.

या इतिहासाचा आज काय उपयोग, तर आज काळ दाराशी आला आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर, जेथे ठाकुरदेवाचे ठाणे आहे आणि जत्रा भरते, लोहखनिज काढले जाते. २०२३ साली त्या खाणीची वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. खाणीने रोजगार येतो हे खरे. तो नाकारून डोंगरावरच्या माणसांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण डोंगर खोदला गेल्यावर तेथे काय होते हे सांगणारी नोंद कोणाच्या हाती असेल? १८७० च्या दशकातला 'काय नेता येईल' हा प्रश्न अधिक मोठ्या यंत्रांसह परतला आहे. त्याच्या समोर आलापल्लीजवळची ६ हेक्टरांची, जैवविविधता वारसा म्हणून राखलेली जुनी वनराई ठेवून समाधान मानता येणार नाही.

कायद्याची बाजूही पाहावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता नोंदवह्या करण्याची तरतूद केली. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपाच्या बंधनातून मोठी सूट दिली. गोंड-माडिया स्त्रियांचे ज्ञान ग्रंथांत नाही, मुखी आहे. म्हणजे त्यावरचा त्यांचा दावा अजून उरतो. पण तो दावा सांगायचा तर हे ज्ञान आमचे आहे हे दाखवता आले पाहिजे, आणि ते दाखवायचे साधन म्हणजे पुन्हा ती नोंदवहीच. ती कोणी भरली, कोणाला विचारून भरली आणि सांगणारीचे नाव लिहिले की केवळ गावाचे, यावर उद्याचे पुष्कळ काही अवलंबून आहे.

विज्ञानातील स्त्रियांना साहाय्य करणाऱ्या योजना आहेत आणि त्या हव्यातच. संसारामुळे संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांचा लाभ अनेकींना झाला. मात्र त्या योजनेच्या अर्जात पदवीचा रकाना प्रथम असतो. नवजात बाळाचे श्वास मोजणारी आरोग्यदूत, कोणत्या उतारावर कोणती झाडे उरली आहेत हे सांगणारी मोह वेचणारी स्त्री, यांच्यासाठी रकाना नाही. तो करणे सरकारला जमेल तेव्हा जमो. विनानफा संशोधन करणाऱ्या संस्थांना तो आजच करता येईल. सर्वेक्षणाच्या दिवसाची मजुरी द्यावी, निष्कर्ष त्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे आधी वाचावे, चूक दाखवली तर दुरुस्त करावे, आणि संमती असेल तेथे सांगणारीचे नाव लेखकांच्या यादीत घालावे. त्यांच्या मुलींपैकी जिला वनस्पतिशास्त्र शिकायचे असेल तिच्या वसतिगृहाची सोय लावावी. यातील कशालाही अवाढव्य निधी लागत नाही.

वरोऱ्याच्या खाणीतून निघालेला कोळसा कधीच जळून गेला आणि त्या खाणीत उतरणाऱ्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत. डोंगराळ मुलखातील स्त्रियांचे ज्ञानही असेच वापरून संपू शकते, कारण ते सांगणाऱ्या पिढीचे वय वाढते आहे आणि रानाच्या वाटा दर वर्षी थोड्या बदलत आहेत. गडचिरोलीने गेल्या चाळीस वर्षांत त्यासाठी एक रीत घालून दिली आहे : प्रश्न बाईजवळ बसून विचारावा, उत्तर तपासावे, आणि खरे ठरले तर ते तिच्या नावाने लिहावे. यातली पहिली दोन कामे पुष्कळशी झाली आहेत. तिसरे अजून बाकी आहे.